एकेचाळीस खून पचवलेला पुतळा

मित्रांनो, मी शिंप्याचा एक जुना पुतळा आहे आणि आजवर माझा एकेचाळीस वेळा खून झाला आहे. तुम्हाला हसू आले असेल. खुशाल हसा. पण ज्याच्या बरगडीत एकदा कागद कापायची सुरी बसली आहे, त्याला हसणे जरा जड जाते.

मला डोके नाही. मानेवर एक लाकडी झाकण आहे आणि त्यावर कारखान्याचा शिक्का. हातही नाहीत. पाय म्हणाल तर एक लोखंडी दांडा आणि त्याच्या बुडाशी तीन वाकडे पंजे. मग तुला दिसते कसे, ऐकू कसे येते, असे विचारू नका. जो घाबरट असतो त्याला सगळे दिसते आणि सगळे ऐकू येते, आणि मी जन्मापासून घाबरट आहे.

जन्मच तसा झाला. कारखान्यात एका साच्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर चढवून मला घडवले, वाळवले आणि मग करवतीने मधोमध कापून साच्यावरून काढले. दोन्ही अर्धे पुन्हा चिकटवले, वर कापूस लावला, कापसावर जाड सुती कापड ताणून शिवले. म्हणजे जगात पाऊल ठेवण्याआधीच माझे दोन तुकडे होऊन गेले होते. शिवणाऱ्या बाईला त्या दिवशी घाई होती, त्यामुळे डाव्या काखेतली शिवण सैल राहिली. तिने ती दाबून बघितली, ‘चालतंय’ म्हणाली आणि मला पुढे ढकलले.

पहिली नऊ वर्षे मी एका शिंप्याच्या दुकानात काढली. ती माझी सुखाची वर्षे. टाचण्या तिथेही टोचत, पण त्या प्रेमाच्या टाचण्या होत्या. लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश, पहिल्या नोकरीचे सदरे, सगळे आधी माझ्या अंगावर चढले. गिऱ्हाइके म्हणत, ‘याच्यावर कसं झकास दिसतंय!’ आणि मी मनातल्या मनात फुलून जाई. शिंपी म्हातारा होता आणि कात्री चालवताना एकटाच बोलत बसे. त्याचे बरेचसे बोलणे माझ्या डोक्यावरून गेले, म्हणजे डोके असते तर गेले असते. पुढे तयार कपड्यांची मोठी दुकाने निघाली, शिंप्याचे हात थरथरू लागले आणि एका सकाळी मी दुकानाबाहेर फुटपाथवर उभा होतो.

तिथे एक उंच, वाकलेला माणूस थांबला. तो माझ्या मागे गेला, चार पावले लांब उभा राहिला आणि म्हणाला, “छान. मागून अगदी माणूस वाटतो.”

हे ऐकून मला आनंद झाला होता. किती खुळा होतो मी!

तो माणूस म्हणजे गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिणारे लेखकमहाशय. लग्न त्यांनी केले नव्हते. धाकटी बहीण आणि ते, असा दोघांचा संसार. तिला ते ‘चिमे’ म्हणत, ती त्यांना ‘दादा’. दादांचा नियम होता की जो खून आपण करून बघितला नाही तो लिहायचा नाही. खून करायला घरात माणूस हवा. चिमीने साफ नकार दिला होता, म्हणून मला आणले.

त्यानंतर माझे काय काय झाले ते सगळे सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही. दोरीने गळा आवळला. फुलदाणीने हाणले. जिन्यावरून तर सहा वेळा ढकलले, कारण किती सेकंदांत माणूस खाली पोचतो हे दादांना नक्की हवे होते आणि चिमी खाली घड्याळ धरून उभी असे. “चार सेकंद, दादा. आणि शेवटच्या पायरीचा कोपरा उडाला.” संध्याकाळी तीच माझ्या जखमांवर कापडाचे तुकडे लावी. घरात माझे नाव ‘मयत’ पडले. “अहो मयत, जरा सरका, केर काढायचाय,” असे ती रोज म्हणायची. दादांचे अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखे. ते सगळे वळणदार अक्षरात उतरवून काढायचे कामही तिचेच.

कादंबरी कशी तयार होते हे माझ्याएवढे कोणाला ठाऊक नाही, कारण ती माझ्याच अंगावर तयार व्हायची. दादा चिठ्ठ्या लिहीत आणि टाचण्यांनी मला टोचत. मानेजवळ पहिली चिठ्ठी, प्रेत सापडते. छातीवर संशयितांची रांग. पोटावर तपास, खोटे धागे, हरवलेली किल्ली. कमरेला चुकीच्या माणसाला अटक. त्याच्या जरा खाली दुसरा खून, कारण दादा म्हणत की तिथवर आलेला वाचक जांभया देऊ लागतो. आणि अगदी काठाशी शेवट, जिथे सगळ्यांना एका खोलीत बसवून दार लावले जाते.

माणसेही ठरलेली. काकाच्या मरणावर टपलेला पुतण्या असायचाच, पण तो कधी खुनी नसे, बिचारा नुसता घाम पुसत बसे. गोड बोलणारा डॉक्टर असे. खेकसणारा हवालदार असे. एक शांत इन्स्पेक्टर असे, ज्याची बायको त्याला कंटाळून माहेरी गेलेली असे. आणि एक शेजारीण असे, जिला फार माहिती असते. “मला सगळं कळलंय, उद्या सांगते,” असे ती म्हणाली की माझे धाबे दणाणायचे. अगं बाई, आजच सांग ना! पण नाही. दुसऱ्या खुनात तीच जायची.

खऱ्या खुन्याची चिठ्ठी मात्र दादा माझ्या पाठीवर लावत. मला ती दिसत नसे. टाचणी आत शिरताना कळे, पण नाव कळत नसे. चिठ्ठी लावून झाली की ते समोर येत आणि प्रत्येक वेळी तेच सांगत. “ज्याच्यावर सगळ्यात कमी संशय, तोच खुनी. जो रोज चहा घेऊन येतो त्याच्या तोंडाकडे कोण बघतं, मयत? तिथंच बघायचं.”

एकेचाळीस पुस्तके हे ऐकल्यावर, मित्रांनो, ते माझ्या कापसात मुरले. माझा विश्वास बसला. आणि त्या विश्वासाची आता मला लाज वाटते.

घरी तिसरे एक माणूस येत असे, प्रकाशकाकडचे मुद्रितशोधक. पुस्तक छापण्याआधी चुका हुडकणे हे त्यांचे काम. किडकिडीत माणूस, कानामागे लाल पेन्सिल, गळ्यात टेप. त्यांना घरात सगळे ‘प्रूफवाले’ म्हणत. त्यांची एक पद्धत होती. कादंबरीत जखम कुठे आहे, किती बोटे खोल आहे, हे ते घरी येऊन माझ्या अंगावर टेपने मोजून बघत. “साहेब, बाराव्या प्रकरणात वार डाव्या खांद्याखाली, एकोणिसाव्यात उजव्या. मयताला विचारू का?” असे म्हणून तिघेही हसत.

हे हसणे हळूहळू कमी झाले. एकेचाळिसाव्या कादंबरीच्या वेळी दुसऱ्या प्रकरणात मेलेला माणूस नवव्यात चहा पिताना सापडला. प्रूफवाल्यांनी लाल खूण केली, पण ते हसले नाहीत. दादा एकच चिठ्ठी तीन-तीनदा टोचू लागले. चष्मा शोधताना चष्मा डोळ्यांवर असे. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दारात उभ्या राहून त्या चिमीला म्हणाल्या, “हा नुसता विसरभोळेपणा नाही, आजार आहे. आणि हृदयही अशक्त झालंय. सकाळी एक गोळी, दुपारी चारला एक. हे चुकलं तर मात्र मी काही करू शकणार नाही.”

हे दादांनी ऐकले नाही. मी ऐकले.

काही आठवडे गोळ्या नेमाने गेल्या. मग एक दिवस चिमीच्या हातावरची गोळी बघून दादा थबकले. “चिमे, कालपर्यंत ही पिवळी होती.”

“कंपनी बदललीय, दादा. औषध तेच आहे. घे पटकन.”

आता मला सांगा, विष देणारे माणूस दुसरे काय म्हणेल? दादांच्या तेविसाव्या कादंबरीत औषध देणारी नर्स हेच वाक्य म्हणाली होती. दादांनी गोळी गालात धरली, पाणी प्यायले, मान हलवली. चिमी गेल्यावर त्यांनी गोळी बाहेर काढली आणि माझ्याजवळ आले. “मयत, तू साक्षीदार,” असे म्हणून त्यांनी ती ओली गोळी माझ्या डाव्या काखेतल्या सैल शिवणीतून आत ढकलली. त्यानंतर माझ्या पाठीत एक टाचणी शिरली.

माझ्या अंगावर काटा आला. चिठ्ठीवर काय आहे ते कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून सकाळची गोळी माझ्या पोटात आणि चारची गोळी माझ्या पोटात. या वेळी माझ्यावर कोणी वार केला नाही, कोणी गळा आवळला नाही, आणि तीच गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटली. या कादंबरीतले प्रेत मी नव्हतो. दादा रोज थोडे थोडे लिहीत होते, एका म्हाताऱ्या लेखकाची गोष्ट, ज्याला घरातलेच कोणीतरी रोज विष देत आहे.

मीही चिमीकडे त्याच नजरेने बघू लागलो. ती औषधाच्या बाटल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवते, का बरे? ती बंद दारामागे फोनवर बोलते, का बरे? एकदा मी ऐकले, ती हळू आवाजात म्हणत होती, “त्याला आधी कळू द्यायचं नाही. तो बसलेला असताना मागून या आणि एकदाचं उरकून टाका.” माझ्या तोंडचे पाणी पळाले. दुसऱ्या दिवशी न्हावी आला आणि दादांचे वाढलेले केस कापून गेला. दादा हल्ली कात्रीला घाबरत, म्हणून ती गुपचूप व्यवस्था होती. पण एवढे समजूनही माझा संशय गेला नाही. उलट मला वाटले, किती पाताळयंत्री आहे ही, न्हावीसुद्धा खरा आणला!

बाराव्या दिवशी प्रूफवाले आले. चिमी भाजी आणायला गेली होती. त्यांच्या हातात नव्या कादंबरीची पहिली सात प्रकरणे होती, दादांच्याच मुंग्यांच्या अक्षरात, कारण या वेळी दादांनी ती चिमीला न दाखवता परस्पर त्यांच्याकडे दिली होती. “साहेब, तो म्हातारा गोळ्या पुतळ्यात लपवतो. चौथ्या प्रकरणात उजवी काख आहे, सातव्यात डावी. मुळात शिवणीतून गोळी आत जाईल का, तेवढं बघतो,” असे म्हणत त्यांनी सवयीने माझ्या काखेत बोट घातले.

बोटाबरोबर तीन गोळ्या बाहेर आल्या.

प्रूफवाले माझ्या मागे गेले, पाठीवरची चिठ्ठी त्यांनी वाचली आणि परत समोर आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. “साहेब... ताई?”

“हळू,” दादा म्हणाले. त्यांचे डोळे त्या क्षणी लखलखीत होते, जुन्या दिवसांसारखे. “सुगावा लागू द्यायचा नाही. आपण अजून मधल्या भागात आहोत. आधी पुरावा.”

“मी आत्ता कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दाखवतो.”

“तो तिला रोज भेटतो. सामील असला तर?”

साध्या माणसाने त्यांना वेड्यात काढले असते आणि तो सरळ कोपऱ्यावर गेला असता. तिथे एका मिनिटात उलगडा झाला असता. पण प्रूफवाल्यांनी एकेचाळीस पुस्तके तीन-तीनदा वाचली होती, तीही एकेक अक्षर. औषधवाला सामील असू शकतो हे त्यांना अगदी पटले. त्यांचा एक मित्र परगावी प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडे दोन गोळ्या पाठवायच्या आणि चार दिवसांत उत्तर येईल, तोवर चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही, असे ठरले. चिमी परत आली, तिने दोघांना चहा दिला. ती पाठमोरी होताच प्रूफवाल्यांनी आपला कप खिडकीबाहेर ओतला आणि म्हणाले, “वा ताई, फक्कड झालाय!”

आणि मी, मित्रांनो, मी सुटकेचा श्वास सोडला. आता तज्ज्ञाचा अहवाल येणार, सगळ्यांना एका खोलीत बसवणार, दार लावणार. सगळे कसे रीतसर चालले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा झोपलेले असताना चिमी माझ्याकडे आली. तोंडात टाचण्या, हातावर कपड्यांचा ढीग. माझा जीव कापसातल्या कापसात गोळा झाला. तिने माझ्या छातीवरच्या चिठ्ठ्या न वाचता एका बाजूला केल्या आणि दादांचा एक सदरा माझ्या अंगावर चढवला. मग दोन्ही बाजूंनी कापड आत घेऊन ती टाचण्या लावू लागली. “किती वाळलास रे,” ती पुटपुटली. एक सदरा झाला, मग दुसरा, मग तिसरा. असे सात सदरे. शेवटचा तर थंडीतला जाड सदरा होता आणि थंडीला अजून पाच महिने होते.

इतक्या वर्षांनी मला म्हातारा शिंपी आठवला. कपडे आत घ्यायला कोणी आले की तो म्हणे, “हा माणूस पुढल्या वर्षाची तयारी करतोय.” मी थिजून गेलो. माणूस महिनाभरात मरणार हे जिला ठाऊक आहे, ती त्याचा हिवाळ्याचा सदरा बेतून ठेवील का? सात-सात सदऱ्यांना टाचण्या लावत डोळे पुशीत बसेल का? खून करणाऱ्या माणसाला एवढा वेळ नसतो.

तेव्हा मला लख्ख कळले. या गोष्टीत खुनी कोणीच नव्हता. आणि खून मात्र चालूच होता. रोज दोनदा, माझ्याच डाव्या काखेत.

तिची बोटे त्या काखेवरून फिरत होती. एक बोट शिवणीच्या तोंडाशी आले. ‘घाल,’ मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, ‘घाल आत बोट, चिमे!’ मला तोंड नाही याचे दुःख त्या दिवशी जितके झाले तितके कधी झाले नव्हते. तिने बोट थांबवले. “इथं उसवलंय वाटतं मयताचं,” ती म्हणाली, “उद्या टाका घालते.” आणि सदरे उचलून निघून गेली.

ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार मी कशी काढली ते माझे मला ठाऊक. दादा टेबलाशी बसले होते. ओठ निळसर दिसत होते. शेवटच्या भागाची चिठ्ठी त्यांनी लिहिली, टाचणी घेतली आणि माझ्याकडे यायला उठले. दोन पावलांवर थांबले. हात छातीकडे गेला. आधारासाठी त्यांनी मला मिठी मारली आणि आम्ही दोघे मिळून कोसळलो.

मी मुद्दाम पडलो असे सांगायला मला आवडले असते. पण खोटे बोलणार नाही, माझ्यात तेवढी हिंमत कधीच नव्हती. पडताना डावी शिवण टर्रकन फाटली आणि आतल्या सगळ्या गोळ्या फरशीवर पांगल्या.

चिमी पाण्याचा पेला आणि चारची गोळी घेऊन दारात उभी होती.

तिने दादांकडे बघितले, फरशीकडे बघितले, एक गोळी उचलून बोटांत फिरवली. “घेतल्याच नाहीस?” इतकेच म्हणाली. मग तिने फोन केला, दादांचे डोके मांडीवर घेतले आणि रुग्णवाहिका येताच आत शिरणाऱ्या डॉक्टरांना पहिले वाक्य सांगितले, “गोळीचा रंग बदलला तेव्हापासून, सोळा दिवस, हृदयाचं औषध पोटात गेलेलं नाही, आणि याच त्या गोळ्या.” रुमालात बांधून त्या तिने बरोबर नेल्या. डॉक्टर नंतर म्हणाले की हे कळले नसते तर भलत्याच दिशेने शोधण्यात वेळ गेला असता, आणि तेवढा वेळ त्या हृदयाजवळ नव्हता.

प्रूफवाले अर्ध्या तासाने धापा टाकत आले. मित्राचा फोन आला होता. साधी हृदयाची गोळी, दुसरे काही नाही. दार सताड उघडे आणि मी जमिनीवर आडवा. ते माझ्याजवळच मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी अंघोळीला म्हणून घरी आली तेव्हा त्यांनी तिला सगळे सांगितले. माझ्या पाठीवरची चिठ्ठीही दाखवली. तिने ती वाचली. मग घडी घालून टेबलावर ठेवली.

“एकेचाळीस पुस्तकं मी स्वच्छ लिहून काढली, भाऊ,” ती म्हणाली. “एकदासुद्धा मनात आलं नाही की यात मी कुठं बसेन.”

“ताई, माझं चुकलं. मी सरळ तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“चहा कसा होता त्या दिवशी?”

प्रूफवाल्यांनी मान खाली घातली. “खिडकीबाहेर ओतला.”

“आता करते तो तरी प्या.” आणि ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडे आपटल्याचा मोठा आवाज आला. मित्रांनो, माणसाला इतके दुखवलेले मी एकेचाळीस खुनांत बघितले नव्हते.

तुम्हाला वाटेल, चला, जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. दादा नऊ दिवसांनी घरी आले ते अर्धेच आले. चिमीला बघून ते खुर्चीत मागे सरकले आणि म्हणाले, “तुम्ही माझ्या जवळ येऊ नका.”

‘तुम्ही’ म्हणाले. जिला जन्मापासून ‘चिमे’ म्हटले तिला.

संशयाने घर केले ते केलेच. आठवण पुसली गेली तरी संशय पुसला गेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी समजावले, प्रूफवाल्यांनी हात जोडले, दादा तोंड उघडीनात. घरी आल्यावर दोन दिवस गोळीवाचून गेले. ओठ पुन्हा निळे दिसू लागले आणि मला पुन्हा फरशी दिसू लागली. तिसऱ्या दिवशी चिमीने एक स्टूल आणून दादांच्या टेबलासमोर ठेवले आणि त्यावर ती हात जोडून बसली.

“साहेब, मी संशयित आहे. माझा जबाब घ्या.”

दादांनी मान वर केली. सवयीचा हात पेनाकडे गेला.

“पण माझी एक अट आहे,” ती म्हणाली. “तपास करणाऱ्याची तब्येत धड नसली तर मी तोंड उघडणार नाही. हे पाकीट औषधवाल्याकडून सीलबंद आलंय. हे पंच.” तिने प्रूफवाल्यांकडे बोट केले. “तुम्हीच तपासा, तुम्हीच फोडा. मी हातही लावत नाही.”

प्रूफवाल्यांनी पंच म्हणून कागदावर सही केली. दादांनी पाकीट उजेडात धरले, उलटसुलट केले, टोके दाबून बघितली. मग स्वतःच्या हाताने गोळी बाहेर काढली आणि स्वतःच भरलेल्या पाण्याबरोबर गिळली. चिमी स्टुलावर ताठ बसून होती. फक्त टेबलाखाली तिने एक पाय दुसऱ्यावर घट्ट दाबून धरला होता, तो मलाच दिसत होता.

तेव्हापासून आमच्या घरी सकाळी आणि दुपारी चारला जबाब होतो. रोज तेच प्रश्न, कारण कालचा जबाब दादांना आज आठवत नाही. घरात तुम्ही काय काम करता? औषध कोण आणतं? त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? ती न कंटाळता उत्तरे देते. कधी दादा टेबलावर हात आपटून ओरडतात, कधी तिला खोटारडी म्हणतात. तीही माणूस आहे. एकदा जबाब संपल्यावर ती माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकून म्हणाली, “मयत, मला जमेल ना रे हे?” मला काय माहीत? मी आपला उभा राहिलो.

काल दादा जरा शांत होते. त्यांनी नवा कागद घेतला. “नातं?” त्यांनी विचारले.

“धाकटी बहीण.”

ते लिहिले. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितले. “तुम्ही रोज इथे येऊन बसता. मी तुम्हाला वाटेल ते बोलतो. तरी येता. हेतू काय?”

एकेचाळीस खुन्यांचे हेतू चिमीने आपल्या हाताने उतरवले होते. मत्सर, सूड, भीती, वारसा. त्यांतला एकही तिला सापडेना. मला वाटले, आता ही गडबडली. आता दादा उठणार आणि गोळी भिरकावणार. माझी पाचावर धारण बसली.

“हेतू कसला, दादा,” ती दमून म्हणाली. “चार वाजले.”

दादांनी थोडा विचार केला. मग मुंग्यांच्या अक्षरात त्यांनी कागदावर लिहिले, ‘हेतू – चार वाजले.’ पाकीट फोडले आणि गोळी घेतली.

मित्रांनो, आज पुन्हा चार वाजतील आणि आज ते काय विचारतील याच्या भीतीने मी आत्ताच अर्धा झालो आहे. उद्याही तसेच होईल. माझे वय झाले आहे, माझी शिवण आता कोणी घालील असे वाटत नाही आणि मला त्याची गरजही नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरीही कोणीतरी हातात पेला, वाटी किंवा गोळी घेऊन रोज त्याच वेळी दारात येत असेल. त्या माणसाच्या तोंडाकडे एकदा नीट बघा. ते दमलेले असेल. मग त्याने जे आणले आहे ते मुकाट्याने घ्या.